‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची उकल : जुन्या डॉस खेळाची संहिता कशी वाचली जाते?

प्रतिनिधी

तळघरातून सुटण्याची धडपड करणारा पांढऱ्या कपड्यांतील राजपुत्र, पायाखाली कोसळणारी फरशी, अचानक वर येणारे सुळे आणि साठ मिनिटांची मुदत. संगणकाशी पहिली ओळख १९९० च्या दशकात झालेल्या पिढीला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ वेगळा सांगावा लागत नाही. जॉर्डन मेकनर यांनी एकट्याने लिहिलेला हा खेळ ब्रॉडरबंड या अमेरिकी कंपनीने १९८९ मध्ये ‘ॲपल टू’ संगणकासाठी प्रसिद्ध केला. १९९० मध्ये त्याची डॉस आवृत्ती आली आणि तीच पुढे जगभर पसरली. या खेळाची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मात्र दीर्घकाळ कोणाच्याच हाती नव्हती.

मार्च २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातील कपाटात जुन्या फ्लॉपींची एक पेटी सापडली. तिच्यात ‘ॲपल टू’ आवृत्तीची संहिता होती. चुंबकीय माध्यमावरील नोंद वर्षे लोटली की पुसट होत जाते. त्यामुळे इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि अन्य जाणकारांच्या साहाय्याने ती काळजीपूर्वक वाचून घेण्यात आली आणि एप्रिल २०१२ मध्ये मेकनर यांनी ती सर्वांसाठी खुली केली. परंतु ही संहिता ‘ॲपल टू’च्या ६५०२ प्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेत होती. डॉस आवृत्ती वेगळ्या प्रोसेसरसाठी नव्याने बांधलेली. तिचे अंतरंग जाणून घ्यायचे तर एकच मार्ग उरला होता : विकत मिळालेली तयार फाइल उलट दिशेने उलगडत जाणे. या विद्येला ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ म्हणतात. ती कशी चालते, तिच्यातून काय हाती लागते आणि कायदा तिच्याकडे कसा पाहतो, याचा हा परिचय.

संहितेकडून यंत्रभाषेकडे आणि परत

प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येते. चलांना नावे असतात, ओळींच्या शेजारी टिपा असतात. कंपायलर किंवा असेम्बलर त्याचे रूपांतर यंत्रभाषेत करतो, तेव्हा नावे आणि टिपा गळून पडतात आणि उरतात ते केवळ आकडे. शिजलेल्या आमटीवरून पाककृती लिहून काढण्यासारखेच हे काम आहे. घटक ओळखता येतात, प्रमाणाचा अंदाजही बांधता येतो. पण स्वयंपाक करणाऱ्याने ते तसेच का केले, हे तर्कानेच ठरवावे लागते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. व्हीजीए पडदा वापरणाऱ्या अनेक डॉस खेळांत पाच बाइटची एक साखळी आढळते. सोळाच्या पायावरील आकड्यांत ती ‘बी८ १३ ०० सीडी १०’ अशी लिहितात. पहिल्या तीन बाइटचा अर्थ, ‘एएक्स’ या रजिस्टरमध्ये १३ हा आकडा ठेव. पुढील दोहोंचा अर्थ, बायोसची दहा क्रमांकाची सेवा बोलाव. दोन्ही मिळून आज्ञा होते ती अशी : पडदा ३२० गुणिले २०० ठिपके आणि २५६ रंग यांच्या अवस्थेत आण. आकड्यांचे असे आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनाला डिसअसेम्बलर म्हणतात. डॉससोबत मिळणारा ‘डीबग’ हा प्रोग्राम हे काम प्राथमिक स्वरूपात करीत असे. १९९० च्या दशकात ‘आयडा’ हे व्यावसायिक साधन प्रचलित झाले. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने मार्च २०१९ मध्ये ‘घिद्रा’ हे साधन विनामूल्य उपलब्ध करून दिल्यानंतर ही विद्या विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली.

पहिली पायरी : फाइलची ओळख

डॉसच्या चालू शकणाऱ्या फाइलचे पहिले दोन बाइट ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरे असतात. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. त्यांच्यापाठोपाठ येणाऱ्या मथळ्यात फाइलचा आकार, आरंभस्थान आणि स्मृतीत चढवताना दुरुस्त करावयाच्या पत्त्यांची यादी असते. पुष्कळदा जागा वाचविण्यासाठी फाइल ‘एलझेडईएक्सई’ किंवा ‘पीकेलाइट’ यांसारख्या साधनाने आवळलेली असते. तसे असल्यास आधी ती मोकळी करावी लागते, अन्यथा वाचणाऱ्याच्या हाती निरर्थक आकडेच येतात.

दुसरी अडचण पत्त्यांची. जुन्या ८०८६ प्रोसेसरवर स्मृतीचा पत्ता दोन भागांत सांगितला जातो, खंड आणि खंडातील अंतर. खंडाचा आकडा सोळाने गुणून त्यात अंतर मिळवले की खरा पत्ता निघतो. एकाच जागेला अनेक जोड्यांनी निर्देशित करता येत असल्याने नवशिक्याचा येथे हमखास गोंधळ उडतो. मात्र हेच खंड पुढे उपयोगीही पडतात. प्रोग्राम कोणकोणत्या भागांत विभागला होता, याची ती शिल्लक राहिलेली खूण असते.

यानंतर अनुभवी अभ्यासक शब्दांचा शोध घेतो. यंत्रभाषेत नावे उरत नसली तरी पडद्यावर दिसणारी वाक्ये आणि फाइलींची नावे जशीच्या तशी राहतात. ‘लेव्हल्स डॅट’ या फाइलचे नाव ज्या आज्ञेत वापरले आहे तेथेच टप्पे वाचणारा भाग असणार, हे उघड आहे. फाइल उघडणे, वाचणे, बंद करणे या सेवा डॉसकडे एकवीस क्रमांकाच्या सेवेतून मागितल्या जातात आणि त्या प्रत्येकीचा उपक्रमांक प्रसिद्ध आहे. त्यामुळे अशा ठिकाणी पाय रोवता येतो आणि तेथून एकेका भागाला पुन्हा नाव देत पुढे सरकता येते.

चोवीस खोल्या, तीस चौकोन

‘प्रिन्स’च्या टप्प्यांची रचना या मार्गाने उलगडली, तेव्हा तिचा आटोपशीरपणा पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. एका टप्प्यात जास्तीत जास्त २४ खोल्या. प्रत्येक खोली म्हणजे पडद्यावरील एक दृश्य, त्यात दहा-दहा चौकोनांच्या तीन ओळी. म्हणजे खोलीला ३० चौकोन आणि टप्प्याला ७२०. प्रत्येक चौकोनासाठी एक बाइट प्रकाराचा आणि दुसरा त्याच्या अवस्थेचा. प्रकार सांगण्यासाठी बाइटमधील केवळ पाच बिट वापरले आहेत. शून्य म्हणजे पोकळी, एक म्हणजे फरशी, दोन म्हणजे सुळे, चार म्हणजे जाळीचे दार, अकरा म्हणजे निसटती फरशी, अठरा म्हणजे करवतीसारखा जबडा आणि वीस म्हणजे भिंत. कोणत्या खोलीच्या डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली कोणती खोली आहे हे सांगण्यास खोलीमागे चार, असे एकूण ९६ बाइट. कळा आणि दारे यांच्या जोड्या, पहारेकऱ्यांची स्थाने, आरंभस्थान हे सारे मिळून एक संपूर्ण टप्पा २३०४ बाइटमध्ये बसतो. या लेखाचा मजकूर साठविण्यासही त्याहून कितीतरी अधिक जागा लागते.

अशी रचना कळण्यासाठी नेहमी यंत्रभाषाच वाचावी लागते असे नाही. फाइलमधील एक बाइट बदलावा, खेळ चालवावा आणि काय बदलले ते पाहावे, ही साधी रीतही बरेच काही शिकवून जाते. भिंतीच्या जागी फरशी आली की त्या बाइटचा अर्थ निश्चित होतो. या माहितीच्या बळावर हौशी मंडळींनी टप्पे घडविण्याची साधने तयार केली आणि जुन्या खेळात नवे महाल उभे राहिले.

मिनिट नेमके किती सेकंदांचे?

खेळाचे नियम मात्र संहितेतच दडलेले असतात. साठ मिनिटांच्या मुदतीचे उदाहरण उद्बोधक आहे. हा खेळ भिंतीवरील घड्याळ पाहत नाही, तो चित्रचौकटी मोजतो. काळ मोजण्याचे मूळ माप सेकंदाला ६० ठोके असे आहे. सामान्य चालीत दर पाच ठोक्यांनी चित्र बदलते, म्हणजे सेकंदाला बारा चौकटी. मिनिटाच्या साधारण ७२० चौकटी झाल्या आणि संहितेत खरोखरच ७१९ पासून उलटी मोजणी करणारा चल सापडतो. तो शून्यावर आला की शिल्लक मिनिटांतून एक वजा होते आणि मोजणी पुन्हा ७१९ वर येते. सोळाच्या पायावर ७१९ म्हणजे २सीएफ. लहान बाइट आधी ठेवण्याच्या इंटेलच्या पद्धतीनुसार फाइलमध्ये तो ‘सीएफ ०२’ असा शोधावा लागतो.

गंमत पुढेच आहे. राजपुत्राने तलवार उपसली की चित्र पाच ऐवजी सहा ठोक्यांनी बदलते, म्हणजे सेकंदाला दहाच चौकटी होतात. मुदत चौकटींवर मोजली जात असल्याने तलवार हाती असताना खेळातील मिनिट सुमारे ७२ सेकंदांचे होते. द्वंद्व किंचित संथ व्हावे म्हणून केलेल्या योजनेमुळे खेळाडूला नकळत थोडा वाढीव वेळ मिळत होता. हे कोणत्याही माहितीपुस्तकात वाचून कळणारे नव्हते.

पडण्याचे गणित

एक मजला खाली पडले तर इजा नाही, दोन मजले पडले तर जीवशक्तीचा एक अंश जातो आणि तीन मजले म्हणजे मृत्यू, हे खेळणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. संहितेत मात्र मजले मोजलेलेच नाहीत. तेथे आहे तो वेग. पडताना दर चौकटीला वेग तीनने वाढतो आणि ३३ वर थांबतो. जमिनीला टेकताना वेग २२ पेक्षा कमी असेल तर राजपुत्र सुखरूप, २२ ते ३२ असेल तर एक अंश कमी आणि ३३ असेल तर खेळ खलास.

एका मजल्याची उंची ६३ ठिपके आहे. विरामापासून पडणे सुरू झाले असे ढोबळमानाने धरले तर सहा चौकटींत ३, ६, ९ असे करत नेमके ६३ ठिपके पार होतात आणि वेग १८ असतो. दोन मजल्यांचे १२६ ठिपके नवव्या चौकटीत ओलांडले जातात, तेव्हा वेग २७. तीन मजल्यांचे १८९ ठिपके अकराव्या चौकटीत, वेग ३३. शाळेत शिकलेल्या गतीच्या नियमाचेच हे पूर्णांकांतील रूप आहे. अंग हलके करणारे औषध प्यायल्यावर वेग चारपलीकडे जात नाही, म्हणून मग कितीही उंचावरून पडले तरी अपाय होत नाही. तीन ओळींच्या या हिशेबातून खेळाची सारी भीती आणि सारा थरार उभा राहतो.

ॲपलच्या पाऊलखुणा

जुन्या वास्तूत आधीच्या बांधकामाचे दगड सापडावेत तशा खुणा येथेही सापडतात. डॉस आवृत्तीचा पडदा ३२० ठिपके रुंद आहे, त्यामुळे एका चौकोनाची रुंदी ३२ ठिपके. पण संहितेत चौकोनाची रुंदी १४ एकके धरलेली दिसते आणि चित्र काढण्यापूर्वी अंतराला ३२० ने गुणून २८० ने भागले जाते. हा २८० चा आकडा ‘ॲपल टू’च्या पडद्याच्या रुंदीचा आहे. खेळ नव्या यंत्रावर गेला, मोजपट्टी मात्र जुनीच राहिली.

आरशातून बाहेर पडणारी राजपुत्राची छाया हीदेखील अशीच टंचाईतून जन्मलेली. ‘ॲपल टू’च्या स्मृतीत दुसऱ्या पात्राच्या चित्रांसाठी जागा उरली नव्हती. मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःशीच ‘एक्सॉर’ या तार्किक क्रियेने मिसळली आणि चमचमणारी छाया निर्माण झाली. त्याआधी राजपुत्राच्या हालचालींसाठी त्यांनी आपल्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून ते चौकटीगणिक गिरवले होते. संहितेतील हालचालींच्या तक्त्यांत ही प्रत्येक चौकट क्रमाने नोंदलेली दिसते.

दोषांसह जतन

डॉस आवृत्तीच्या या उकलीवर आधारलेला ‘एसडीएलपॉप’ हा प्रकल्प २०१४ पासून सर्वांसाठी खुला आहे. मूळ यंत्रभाषा वाचून ती सी भाषेत पुन्हा लिहिलेली असून विंडोज, लिनक्स आदी प्रणालींवर ती थेट चालते. तिच्या फाइलींना आजही ‘सेग०००’ ते ‘सेग००९’ अशी मूळ स्मृतिखंडांवरून पडलेली नावे आहेत. काम कोणत्या वाटेने झाले याची ती प्रांजळ नोंद आहे.

या प्रकल्पाची एक शिस्त लक्षणीय वाटते. मूळ खेळात जे दोष होते त्यांची नोंद घेऊन दुरुस्त्या केल्या आहेत, परंतु त्या ऐच्छिक ठेवल्या आहेत. उदाहरणार्थ, एखाद्या खोलीच्या खाली तीच खोली जोडली आणि तिच्या तळच्या ओळीत फरशी नसली, तर मूळ खेळ अडकून पडतो. हा दोष सुधारता येतो, तसाच ठेवताही येतो. जतन म्हणजे सुशोभन नव्हे. जुनी पोथी संपादित करताना लेखनिकाच्या चुका तळटीपेत दाखवतात, मूळ पाठ खरडून काढत नाहीत. तोच विवेक येथे दिसतो.

या कामाची निकड काय, असा प्रश्न विचारला जातो. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांवर १६ बिटी डॉस प्रोग्राम थेट चालत नाहीत. ‘डॉसबॉक्स’सारखी साधने २००२ पासून जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करून तो चालवून दाखवतात, हे खरे. पण नक्कल खेळ चालवते, तो समजावून सांगत नाही. शिवाय त्या काळातील चोरीविरोधी योजनाही आड येतात. ‘प्रिन्स’मध्ये पहिला टप्पा संपला की अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची खोली लागे आणि माहितीपुस्तिकेतील नेमक्या शब्दाचे आद्याक्षर असलेली कुपी प्यावी लागे. पुस्तिका हरवली की खेळ तेथेच संपला. विकत घेतलेली वस्तू कागद हरवल्यामुळे निरुपयोगी व्हावी, अशी ही अवस्था होती.

कायदा काय सांगतो?

संगणक प्रोग्राम हा भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृती मानला जातो. १९५७ च्या या कायद्यात १९९९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये महत्त्वाच्या सवलती आल्या. प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास, स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळविता येते, मात्र ती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. प्रोग्रामच्या मुळाशी असलेल्या कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी त्याच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्यासही मुभा आहे.

अमेरिकेत १९९२ च्या ‘सेगा विरुद्ध ॲकोलेड’ खटल्यात अपिलीय न्यायालयाने, अन्य मार्ग नसल्यास वैध हेतूने केलेले डिसअसेम्ब्ली न्याय्य वापरात मोडते, असा निर्णय दिला. युरोपात १९९१ च्या निर्देशाने परस्परसुसंगतीसाठी अशी उकल मान्य केली, तर २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने दोषदुरुस्तीसाठीही कायदेशीर खरेदीदारास काही अटींवर ती करता येईल, असे स्पष्ट केले.

मात्र समजून घेणे आणि उकललेली संहिता वाटणे यांत अंतर आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या दोन जुन्या खेळांची उकललेली संहिता २०२१ मध्ये टेक-टू कंपनीच्या तक्रारीवरून हटविण्यात आली आणि त्याच वर्षी कंपनीने कॅलिफोर्नियात दावाही दाखल केला. याउलट ‘डूम’ची संहिता आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये स्वतःहून खुली केल्याने त्या खेळाच्या अभ्यासकांवर अशी टांगती तलवार राहिली नाही. खेळ बाजारातून उठला म्हणजे त्याचा हक्क संपला, हा समज चुकीचा आहे. ‘बेवारस सॉफ्टवेअर’ असा कोणताही वर्ग कायद्याला ठाऊक नाही.

खेळापलीकडे

ही विद्या खेळांपुरती मर्यादित नाही. संगणकातील विषाणूंवर उतारा शोधणाऱ्यांना विषाणूची संहिता कोणी आणून देत नाही, ती यंत्रभाषेतूनच वाचावी लागते. १९९० च्या दशकात पुण्यात कैलाश व संजय काटकर या बंधूंनी उभ्या केलेल्या ‘क्विक हील’ची सुरुवात डॉसवरील विषाणूंच्या अशाच उकलीतून झाली. बँका, कारखाने आणि सरकारी कार्यालये यांतील जुन्या प्रणालींचे लेखक निवृत्त झाले, संहिता हरवली, पण प्रणाली चालूच आहे, अशा ठिकाणीही हेच कौशल्य कामी येते.

अभ्यास सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘प्रिन्स’ हा चांगला धडा आहे. ‘ॲपल टू’ची मूळ संहिता लेखकाने स्वतः दिलेली, डॉसची उकललेली संहिता शेजारी आणि खेळ सर्वांच्या परिचयाचा. दोन्ही समोरासमोर ठेवून पडण्याचा वेग किंवा चौकोनाची रुंदी शोधली, तर एकच विचार दोन यंत्रांच्या भाषांत कसा उतरला हे दिसते. मेकनर यांच्या वडिलांचे कपाट वेळेवर उघडले गेले म्हणून ‘ॲपल टू’ची संहिता वाचली. डॉसच्या असंख्य खेळांच्या बाबतीत तसे कपाट नाही, आणि ज्या फ्लॉपींवर ते शिल्लक आहेत त्यांचे आयुष्य वाढणारे नाही.